मागचं डावं दार

रंग बदलला होता म्हणून गाडी सहादूला आधी ओळखू आली नाही. मग नंबर दिसला. चार शून्य सात एक. हा नंबर त्यानं पोरवयात दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसला होता, झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. वडाळा नाक्यावरच्या त्याच्या शेडसमोर ती जुनी पद्मिनी गचके देत थांबली आणि त्याच्या हातातला गरम चहा बोटांवर सांडला.

गाडीतून चाळिशीचा एक माणूस उतरला. हसरा, गोरा, पायात भारीतले बूट. त्यानं दार लावलं, ते लागलं नाही. जोरात आपटलं, तरी नाही. शेवटी गुडघा लावून ढकललं, तेव्हा कुठं ते कसंबसं अडकलं.

"सहादू डेंटर तुम्हीच ना, दादा? मी विहंग. जुन्या गाडीचा पत्रा तुमच्याशिवाय नाशकात कुणाला कळत नाही असं चार जणांनी सांगितलं. ही बघा काय करून ठेवलीय!"

सहादूनं बघितलं. रंग असा झकास की तोंड दिसावं. पण बाकी सगळा आनंदीआनंद. बॉनेट डावीकडं सरकलेलं, डिकी एका बाजूनं उचललेली, दारांच्या फटी वर बोटभर तर खाली काडी जाईना.

"नव्यानं करून घेतली होती," विहंग म्हणाला. "पुढच्या रविवारी बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. अमृतमहोत्सव. ते ह्याच गाडीतून लॉनवर येणार. ही त्यांची पहिली गाडी, जीव आहे त्यांचा तिच्यावर."

"वडलांचं नाव?" सहादूनं विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

"शामसुंदर. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते."

म्हणजे आहे अजून, सहादू मनात म्हणाला. बरं झालं. मेला असता तर मी काय करणार होतो?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या म्हाताऱ्यानं केलं होतं? तेच सांगतो.

एकोणनव्वद सालची गोष्ट. सहादूची आई सुलाबाई शरणपूर रोडवर शामसुंदररावांच्या बंगल्यात धुणंभांडी करायची. सहादू तेव्हा नववीत, रविवारी आईबरोबर जाऊन साहेबांची कोरी पद्मिनी धुवायचा. एका शनिवारी साहेब, त्यांची बायको इंदिराबाई आणि चार वर्षांचा विहंग त्र्यंबकला लग्नाला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी इंदिराबाईंची मोहनमाळ दिसेना. एकपदरी, मधोमध लाल खडा. घरात परका हात कुणाचा? सुलाबाईचा. झालं. साहेबांनी तिला बंगल्यासमोर रस्त्यावर उभं केलं, आळीतल्या बायकांना हाका मारून जमवलं आणि सगळ्यांदेखत पदर झाडायला लावला. पदराच्या गाठीत काय निघालं, तर अर्धी पोळी. पोरासाठी बांधून घेतलेली. साहेबांनी ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "बघा. आज पोळी, काल माळ."

सहादू तिथंच होता. हातात ओलं फडकं, समोर अर्धी पुसलेली गाडी.

मग पोलीस चौकी. दिवसभर बसवून ठेवलं. माळ सापडली नाही म्हणून सुलाबाई सुटली, आणि सापडली नाही म्हणूनच ती चोर राहिली. त्या भागात पुन्हा एकाही घरानं तिला उंबऱ्यात घेतलं नाही. मायलेकरं घोटीला मामाच्या आसऱ्यानं गेली. आई भाताच्या गिरणीत झाडू मारायला लागली, पोराची शाळा सुटली आणि तो नाशकात एका उस्तादाकडं पत्रा ठोकायला राहिला. छत्तीस वर्षं झाली. आता सहादूचं स्वतःचं शेड होतं, मुलीचं लग्न झालं होतं, पण सुलाबाई घोटी सोडून नाशकात राहायला आली नाही ती नाहीच. "तिथल्या बायका मला चोर म्हणत्यात," एवढंच तिचं उत्तर. छत्तीस वर्षांत त्यातली निम्मी माणसं शहर सोडून गेली असतील, हे तिला कोण समजावणार?

तर असा हा शामसुंदर. आणि त्याची गाडी सहादूच्या दारात, आपल्या पायांनी चालून आलेली.

"ठेवून जा," सहादू म्हणाला. "शनिवारपर्यंत करून देतो."

विहंग गेला. शेजारच्या शेडमधला धम्मपाल पेंटर हे सगळं ऐकत उभा होता. तो सहादूचा तीस वर्षांचा दोस्त, त्याला सगळी कहाणी पाठ. तो हात पुसत आला नि म्हणाला, "काय रे, काय करायचं ठरवलंस? दारं अशी बसव की म्हातारा आत अडकला पाहिजे. सगळी पब्लिक बाहेर टाळ्या वाजवतेय आणि हा आत बोंबलतोय!"

सहादूच्या मनात हेच आलं होतं. खोटं कशाला बोला? त्याहून वाईटही आलं होतं. मागचं दार धावत्या गाडीत उघडावं असं खिट्टीचं काम करायचं, ह्या विचारानं त्याचे हात क्षणभर शिवशिवले. पण त्या दाराला टेकून दुसरंच कुणी बसलं तर? आणि दार अडकवणं म्हणजे तरी काय, चार माणसं हसतील आणि संध्याकाळी विसरतील. आईचा पदर छत्तीस वर्षं विसरला गेला नव्हता. ह्याचा हिशेब पोरखेळानं होणार नव्हता.

"आधी काम तर बघू," तो म्हणाला.

काम बघायला घेतलं आणि त्याला हसूच फुटलं. ज्यांनी गाडी केली होती त्यांनी इंजिन उतरवून, बॉडी लोखंडी घोड्यांवर चढवून दारं बसवली होती. हवेत फटी एकसारख्या दिसल्या असणार. मग इंजिन चढवलं, चाकं टेकली, वजन पडलं, बॉडी आपल्या जागी बसली आणि सगळ्या फटींनी तोंड वेडंवाकडं केलं. शिवाय सुरुवात केली होती बॉनेटपासून. अरे देवा! दारं मागून पुढं बसवत यायची असतात. आधी मागचं दार बॉडीला मिळवायचं, मग पुढचं दार मागच्याला, मग मडगार्ड, आणि सगळ्यात शेवटी बॉनेट. पुढून सुरुवात केली की चूक ढकलत ढकलत मागं नेता येते, पण डिकीपाशी गेल्यावर तिला पळायला जागा उरत नाही.

सहादूनं गाडी चाकांवरच ठेवली. मागच्या सीटवर वाळूची दोन पोती टाकली, माणसं बसल्यासारखी. उजवीकडून सुरू केलं. बिजागऱ्या ढिल्या केल्या, पत्र्याच्या चकत्या घातल्या, दार खांद्यावर तोलून मिलिमीटर मिलिमीटर सरकवलं. काडेपेटीची काडी वरून सोडली की खालपर्यंत एकाच सैलपणानं घसरत गेली पाहिजे, हे त्याचं माप. दोन दिवसांत उजवी बाजू अशी बसली की नुसतं बोट लावून सोडलं तरी दार 'खट्' करून लागावं. धम्मपालनं येऊन चारदा उघडलं-लावलं. "दुश्मनाची गाडी आहे ना रे ही?" त्यानं विचारलं. "एवढं मन लावून?"

"हात ऐकत नाय," सहादू चिडून म्हणाला. त्याला स्वतःचाच राग आला होता.

तिसऱ्या दिवशी तो डाव्या बाजूला आला. मागचं डावं दार काही केल्या बसेना. वर बसवावं तर खालची कड बाहेर येई. खाली दाबावं तर वर फट. बिजागरी सरळ, खांब सरळ, खिट्टी जागेवर. मग अडलंय कुठं? तो जमिनीवर आडवा झाला आणि दाराची खालची कड बोटांनी चाचपत गेला. एका कोपऱ्यात पत्रा आतून फुगला होता. वरून पुट्टी नि रंग फासून ते झाकलेलं. दारात शिरलेलं पाणी खालच्या भोकांतून निघून जायला हवं. तिथलं भोक बुजलेलं होतं. पाणी वर्षानुवर्षं साचलं, कड गंजली, गंजून फुगली आणि दार बाहेर ढकललं गेलं. भोकात तार घालून ढवळलं तर काळ्या चिखलाबरोबर चॉकलेटचा चुरगळलेला कागद बाहेर आला.

आता इथं उस्तादाचा एक नियम सांगायला हवा. सहादूनं तो जन्मभर पाळला होता. पत्रा आपला, पोटातलं मालकाचं. कुठलंही बंद दार, बंद डबा, सीटखालचं काहीही उघडायचं असेल तर मालकाला समोर उभं करायचं आणि पहिला स्क्रू त्याच्याच हातानं काढून घ्यायचा. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की डेंटरनं आतलं काही नेलं. दुसरे डेंटर हसायचे ह्या नियमाला. सहादू कधी हसला नव्हता, त्याची कारणं तुम्हाला आता माहीत आहेत.

म्हणून त्यानं पॅडला, म्हणजे दाराच्या आतल्या अस्तराला, हात लावला नाही. काच पूर्ण खाली केली, काचेच्या फटीतून दाढीचा छोटा आरसा दोऱ्यानं आत सोडला आणि बॅटरी मारली. तळाशी चिखल. चिखलात चॉकलेटचे कागद, दहा-वीस पैशांची नाणी, एक हिरवी गोटी. आणि त्या सगळ्याच्या बुडाशी पिवळे मणी. आरसा जरा फिरवला तर एक लाल ठिपका चमकून गेला.

सहादूच्या हातातून बॅटरी सुटली. तो गाडीला पाठ लावून फरशीवरच बसला आणि त्याला रडू आलं. मोठ्यानं, लाज न बाळगता, पन्नाशीचा माणूस हमसून हमसून रडला.

धम्मपाल धावत आला. त्यानंही आरशातून बघितलं. "आयला," एवढंच तो म्हणाला. मग एकदम पेटला. "काढ! काढ ती बाहेर आणि आत्ता जाऊन त्याच्या थोबाडावर फेक!"

"अन् तो काय म्हणंल?" सहादूनं डोळे पुसले. "म्हणंल, आईनं नेलेली माळ पोरानं आणून टाकली. मग पुन्हा चोर कोण? आम्हीच. माझा हात नाय लागला पाहिजे. ह्या दाराचं पॅड कंपनीतून आलं तसं हाय, एक क्लिप हललेली नाय. ते त्याच्याच हातानं उघडलं पाहिजे. चार माणसांत नाय, चारशे माणसांत."

त्यानं काच वर केली. दार जसं वाकडं होतं तसंच सोडलं. बाकीची गाडी मात्र त्यानं अशी बसवली की बघणाऱ्याची नजर नेमकी त्या एका दाराशी जाऊन ठेचकाळावी. बॉनेटची रेघ सरळ, डिकी चपखल, तीन दारं एका सुतात, आणि चौथं खालून बोटभर बाहेर.

शनिवारी विहंग आला. गाडी बघून खूश झाला, मग ते दार दिसलं. "दादा, हे राहिलं की!"

"राहिलं नाय. आतून काहीतरी अडकलंय. पॅड काढावं लागंल, अन् बंद दार मी मालकाच्या हाताशिवाय उघडत नाय. उद्या लॉनवर येतो हत्यारं घेऊन. साहेबांनी पहिला स्क्रू काढायचा, पाहुण्यांसमोर. पाच मिनिटांचं काम."

विहंगला कल्पना फारच आवडली. "वा! फोटो मस्त येतील. बाबा एकदम हिरो!"

"व्हय," सहादू म्हणाला. "एकदम."

त्याच दुपारी तो घोटीला गेला. सुलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण दाणा नि खडा अजून चष्म्याशिवाय दिसायचा. सहादूनं सगळं सांगितलं. तिचे हात थांबले. 

"मंग सापडली म्हणून सांगून टाक की त्यास्नी," ती म्हणाली. "तमाशा कशाला?"

"तमाशा कुणी केला व्हता, आई?"

तिनं एक खडा उचलून लांब फेकला. "माझा पदर ज्या बायांपुढं झाडला, त्या असतील का तिथं?"

"हायेत त्या असतील. सगळी आळी बोलावलीय म्हणं."

"मंग येते," सुलाबाई म्हणाली आणि पेटीतलं ठेवणीचं लुगडं काढायला आत गेली.

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरचं ते लॉन माणसांनी भरलं होतं. मांडव, सनई, जेवणाची टेबलं, आणि मधोमध झेंडूच्या माळा घातलेली पद्मिनी. शामसुंदरराव फेटा बांधून तिच्यातून उतरले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा अजून ताठ होता. आवाजही तोच, हुकूम सोडणारा. धम्मपालनं सुलाबाईला रिक्षानं आणून मागच्या खुर्चीवर बसवलं होतं, डोक्यावरून पदर घेऊन. सहादू हत्यारांची पिशवी घेऊन गाडीपाशी उभा राहिला. शामसुंदररावांनी त्याच्याकडं बघितलं आणि ओळखलं नाही. सहादूला ह्याचाही राग आला. ज्याचं आयुष्य वाकडं केलं त्याचं तोंडही ह्याला आठवत नव्हतं.

म्हाताऱ्यानं गाडीभोवती फेरी मारली. फटींवरून अंगठ्याचं नख फिरवत, पाहुण्यांना ऐकू जाईल असं बोलत. "सुरेख! शोरूममधून आली तेव्हाही अशी नव्हती." मग नख मागच्या डाव्या दारापाशी थांबलं.

"हे काय? हे खालून बाहेर आलंय."

"हो, साहेब."

"हो काय? दिसत असून सोडलंस? कुठून शिकलास काम?"

"आतून अडकलंय, साहेब," सहादू शांतपणे म्हणाला. "पॅड काढावं लागंल. पहिला स्क्रू तुमच्या हातानं." त्यानं स्क्रूड्रायव्हर पुढं केला.

शामसुंदररावांनी हात मागं घेतला. "काही गरज नाही. हे दार उघडायचं नाही."

सहादूला वाटलं, हौशी माणूस, नवा रंग जपतोय. पण विहंग माईक घेऊन तयारच होता. "बाबा, एक स्क्रू! फक्त एक! मंडळी, टाळ्या!" लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. फोटोवाला गुडघ्यावर बसला. "अहो उघडा की, शामसुंदरराव!" कुणीतरी ओरडलं. चारशे माणसांसमोर आपल्याच वाढदिवसाला नाही कसं म्हणायचं? म्हाताऱ्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. 

हँडलचा स्क्रू निघाला. क्लिपा गंजलेल्या होत्या, कुरकुर करत एकेक तुटली. सहादू चार पावलं लांब उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागं बांधून, सगळ्यांना दिसतील असे. पॅड निघालं.

"तळाला बघा, साहेब. हात घाला."

आधी चॉकलेटचे कागद आले. लोक हसले. मग नाणी. मग हिरवी गोटी. विहंगनं ती झेलली आणि तो चकित होऊन म्हणाला, "अरे! ही माझी. काचेच्या फटीतून मी इथं टाकायचो सगळं. हा माझा गल्ला होता!" लोक आणखी हसले. मग शामसुंदररावांचा हात आतच थांबला. बाहेर काढावा की नाही असा.

"काढा की," सहादू म्हणाला. 

हात बाहेर आला. चिखलानं माखलेली मोहनमाळ बोटांतून लोंबत होती. सनईवाला आपला वाजवतच होता, त्याला कुणीतरी गप्प केलं. म्हाताऱ्या बायकांमधली एक पुढं आली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "अगबाई, ही तर इंदिरेची! ती नाही का, त्या कामवालीनं..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"तीच," सहादू म्हणाला. "अन् त्या कामवालीचं नाव सुलाबाई. मी तिचा पोरगा. ही गाडी मीच धूत होतो, साहेब, जेव्हा तुम्ही माझ्या आईला पदर झाडायला लावत होता. माळ दारात अन् मी दार पुसतोय. आई, ये पुढं."

सुलाबाई उठली. लोकांनी वाट दिली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हाताऱ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत ती त्याच्यासमोर कधी नजर वर करून उभी राहिली नव्हती.

शामसुंदररावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण जातीचा हुशार माणूस. क्षणात सावरला आणि गरजला, "म्हणजे असं आहे तर! आईनं माळ नेली आणि आता हा ती आणून टाकतोय! गाडी आठवडाभर ह्याच्याच ताब्यात होती. बोलवा पोलिसांना!"

सहादू हे ऐकायलाच तर थांबला होता. शब्द न् शब्द त्यानं आधीच ओळखला होता. तो म्हणाला, "क्लिपा कंपनीच्या हायेत साहेब. गंजलेल्या. आत्ता तुमच्याच हातानं तुटल्या, सगळ्यांनी बघितल्या, फोटो हायेत." लोकांत कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला.

"पुरे करा."

इंदिराबाई होत्या. सकाळपासून नटून खुर्चीत बसलेल्या, कुणाच्या लक्षातही न आलेल्या. त्या काठी टेकत आल्या आणि नवऱ्याच्या हातातल्या माळेकडं बघत म्हणाल्या, "विहंगनं त्याच रविवारी रात्री मला सांगितलं होतं. आई, मी माळ गल्ल्यात टाकली. कुठला गल्ला, तर गाडीचा. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

"इंदिरा, तू आत जा."

"तुम्ही म्हणालात, कंपनीचं पॅड एकदा काढलं की पुन्हा तसं बसत नाही. सहा वर्षं थांबून घेतलेली गाडी आहे, पोराच्या बोलण्यावरून तिचं दार उचकटायचं नाही. आणि आता चौकीवर सांगून झालंय, माघार घेतली तर लोक हसतील." त्यांनी सुलाबाईकडं बघितलं. "मी पण गप्प बसले. मलाही तोंड नाही. पण हिनं चोरी केली असं आज पुन्हा म्हणू नका."

 इतकी वर्षं सहादूला वाटत होतं की ह्या माणसानं चूक केली. गर्विष्ठ आहे, निर्दय आहे, पण चुकला. चूक नव्हतीच! ह्याला त्याच रात्रीपासून माहीत होतं. दाराच्या एका पॅडसाठी, चार क्लिपांसाठी ह्यानं एका बाईचा जन्म नासवला आणि मग त्याच गाडीतून फिरायला गेला, बाजारात गेला, देवळात गेला. म्हातारा आता खरोखरच म्हातारा दिसत होता, फेटा कलला होता. सहादूला जराही दया आली नाही. आली असती तर त्यानं स्वतःला माफ केलं नसतं.

विहंग गोटी मुठीत घेऊन खाली मान घालून उभा होता. 

शामसुंदररावांनी दोनदा घसा साफ केला. मग ते सुलाबाईकडं आले आणि माळ तिच्यापुढं धरली. "सुलाबाई, झालं ते झालं. ही तुम्ही ठेवा. माझ्याकडून."

सुलाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "चोरीचा माल हाय तो. मी हात लावायची नाय."

मग ती वळली आणि त्या म्हाताऱ्या बायकांकडं एकेक करून बघितलं. कुणाची नजर वर राहिली नाही. "सहादू," ती म्हणाली, "जेवायचं कुठं हाय रे? भूक लागली."

ती सरळ चालत जाऊन पहिल्या टेबलाशी, मधल्या खुर्चीवर बसली. सहादू तिच्या एका बाजूला, धम्मपाल दुसऱ्या बाजूला. वाढपी घुटमळले. इंदिराबाईंनी एकाच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि काठी टेबलाला टेकवून स्वतः वाढायला लागल्या. सुलाबाईनं त्यांना नको म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. पुरी आणखी मागितली, जिलेबी दोनदा मागून घेतली, आणि सावकाश, पोटभर जेवली. हळूहळू बाकीची माणसंही टेबलांकडं सरकली. शामसुंदरराव उघड्या दारापाशी माळ हातात घेऊन उभेच होते. त्यांना कुणी जेवायला बोलावलं नाही.